रोजची एक जुडी

त्या गुरुवारी माझी ड्युटी लवकर सुटली नसती, तर माझे बाबा कधीच पकडले गेले नसते... आणि मीही.

दुपारचे चार वाजले होते. जुलैमधलं, इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोनाचं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर वळले, तर तिथे एक पांढरी व्हॅन उभी. तिच्या सावलीत, उलट्या घातलेल्या क्रेटवर बसून माझे बाबा स्टीलच्या वाटीतून काहीतरी ओरपत होते. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असा आनंद, की जो मी गेल्या चार वर्षांत, म्हणजे आई गेल्यापासून, पाहिलाच नव्हता.

"बाबा!"

वाटी हिंदकळली. बाबांनी घाईघाईनं तोंड पुसलं. मिशीला लागलेलं हिरवं तसंच राहिलं.

"काय गं, आज अर्ली?" ते म्हणाले. "डोंट शाऊट. लोक बघतात."

लोक म्हणजे एकच जण होता. व्हॅनच्या मागच्या दारात हातात डाव घेऊन उभा. उंच, उन्हानं रापलेला, शर्टावर मातीचे डाग आणि कानामागे — खोटं नाही सांगत — मेथीची काडी खोचलेली. सुतार पेन्सिल खोचतो ना, तशी.

"तुलाही वाढू?" त्यानं हिब्रूत विचारलं. "अळूचं फतफतं. मीच केलंय. घसा खाजणार नाही, गॅरंटी!"

मी त्याच्याकडे पाहिलं, मग व्हॅनमध्ये पाहिलं. जुड्याच जुड्या! अळू, मेथी, शेपू, चुका, अंबाडी, कोथिंबीर. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशापाठोपाठ राग आला. माझा राग दुधासारखा आहे. जरा नजर हटली की उतू जातो.

"म्हणजे हे सगळं तुझं काम आहे!"

"हो," तो खुशीत म्हणाला. "आवडलं?"

आता इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर मी उगीचच भांडकुदळ वाटेन. मी पाझित वाक्रूळकर, वय अठ्ठावीस, डिमोनाच्या दवाखान्यात सिस्टर. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेले सगळे पेशंट माझ्याकडे. दर रविवारी सकाळी त्यांचं रक्त घ्यायचं, दुपारी कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा येतो, आणि संध्याकाळच्या आत डॉक्टरांना विचारून एकेकाला फोन करायचा, की गोळी अर्धी घ्या, पूर्ण घ्या, आहे तशी चालू ठेवा. आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. दोनच्या खाली गेला तर रक्ताची गुठळी होण्याची भीती, फार वर गेला तर रक्तस्राव होण्याची.

आणि माझ्या यादीतला सगळ्यात वाईट आकडा कोणाचा? श्री. मोर्देखाय वाक्रूळकर यांचा. माझ्या सख्ख्या बापाचा!

बाबांना एट्रियल फिब्रिलेशन होतं. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट ठोका द्यायचे सोडून नुसते थरथरत राहायचे. दोन जिने चढले की बाबांना धाप लागायची. पण त्यांचं दुःख जिन्याचं नव्हतं. तीस वर्षं आमच्या मशिदीत (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात) नव्याच्या सणाला, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी, बाबाच शोफार फुंकायचे. मेंढ्याचं शिंग ते, त्याला दम लागतो. मागच्या वर्षी शेवटचा लांब सूर मध्येच तुटला. बाबांनी शिंग शेजारच्याच्या हातात दिलं आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसले. त्या दिवसापासून त्यांनी मशिदीत पाऊल टाकलेलं नव्हतं.

बेर्शेबाच्या हॉस्पिटलात यावर इलाज होता. भूल देऊन छातीवर विजेचा झटका देतात आणि ठोका ताळ्यावर आणतात. अट एकच. त्याआधी सलग तीन आठवडे आकडा दोनच्या वर हवा. कारण थरथरत्या कप्प्यात एखादी गुठळी लपून बसलेली असली, तर ठोका लागल्यावर ती सुटायची आणि थेट मेंदूत जायची. एक रविवार जरी आकडा घसरला, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बाबांची मोजणी तीनदा मोडली होती. आणि का मोडते ते मला आता कळलं होतं.

"हिरव्या पाल्यात ते 'के' जीवनसत्त्व असतं ना, ते गोळीचं काम उलटवून टाकतं," मी त्या डाववाल्याला सुनावलं. "मी पेशंटांना छापील कागद देते. काय खायचं नाही त्याची यादी आहे त्यात!"

"कागद माझ्याकडे पण आहे," तो शांतपणे म्हणाला. त्यानं गाडीच्या कप्प्यातून घडी केलेला कागद काढला. "तुझ्या पेशंट एलिझाबेथ आंटींनी दिला. म्हणाल्या, ओहाद, यातलं काही आमच्यासाठी आणू नकोस. बघ. लेट्यूस, पालक, ब्रोकोली, कोबी. मी यातलं काही पिकवत नाही." मग त्यानं मान तिरकी केली. "यात अळू कुठे आहे?"

मी कागद हातात घेतला. एका बाजूला हिब्रू, दुसऱ्या बाजूला रशियन. अळू नव्हतं. मेथी नव्हती. अंबाडी, शेपू, चुका... काही नव्हतं.

"कागदावर नाही म्हणून तर मी खाल्लं," बाबा दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "तू लेट्यूस बंद केलंस, मी केलं. कम्प्लीट बंद. त्याच्या बदल्यात अळू वाढवलं."

माझ्या यादीत अकरा हिंदी माणसं होती, आमच्यासारखीच कोकणातून आलेली ज्यू. सगळी शहाण्यासारखी कागद वाचत होती, सॅलड बाजूला सारत होती, आणि गुरुवारी या व्हॅनवर तुटून पडत होती. आणि दर रविवारी त्यांचे आकडे का पडतात म्हणून मी कपाळाला हात लावून बसत होते. कागद माझाच होता. मी अळूच्या घरात वाढले, आणि तो वाटताना मला एकदाही अळू आठवलं नाही.

पण चूक कबूल करेल ती पाझित कसली!

"आजपासून या अकरा घरांना पाला बंद," मी म्हटलं. "एक पानसुद्धा द्यायचं नाही."

त्यानं डाव खाली ठेवला. "बेसेदेर," तो म्हणाला. म्हणजे ठीक आहे. पण ज्या नजरेनं त्यानं बाबांकडे पाहिलं, तीत काहीच ठीक नव्हतं.

*

बंदी तीन आठवडे चालली. रविवारी बाबांचा आकडा हळूहळू चढत होता, पण तीनच्या आतच होता, म्हणून गोळी आहे तशीच ठेवली. बाबा माझ्याशी फक्त 'येस' आणि 'नो' एवढंच बोलायचे. दवाखान्यात एलिझाबेथ आंटी दंड पुढे करताना तोंड फिरवायच्या. "घे बाई रक्त," त्या म्हणायच्या, "तेवढंच उरलंय घेण्यासारखं."

आणि मग एका शनिवारी दुपारी जेवता जेवता बाबांच्या नाकातून रक्त आलं. रुमाल भिजला, टॉवेल भिजला, थांबेचना. मी शेजारच्यांची गाडी मागितली आणि त्यांना बेर्शेबाला नेलं. चाळीस मिनिटं मी एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं होतं. आकडा आला चार पूर्णांक आठ.

रक्त थांबलं. देवाच्या दयेनं थांबलं. मग तिथल्या हृदयाच्या डॉक्टर मेयताल यांनी मला कॉरिडॉरमध्ये नेलं. बारीक, चष्मेवाल्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी मला ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत, म्हणून मला जास्त रडू आलं.

"पाल्यामुळे आकडा पडत होता, म्हणून गोळी वाढवलेली होती," त्या म्हणाल्या. "मग पाला एकदम बंद केला, पण वाढवलेली गोळी पोटात जात राहिली. आकडा वर जाणारच. बंद कोणी करायला सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

"पूर्वी आम्हीही बंदच करायचो. आता नाही करत. तुमचं ते... अळू का काय, मला माहीत नाही. पण माणूस जे आयुष्यभर खात आला ते खाऊ दे. फक्त रोज सारखं. रोज तेच आणि तेवढंच. गोळी आपण त्यावर बसवू. हृदयाला काय, रक्ताला काय, एक दिवस डोंगर आणि सहा दिवस खड्डा चालत नाही."

परतताना बाबा गाडीत झोपले होते. मी विचार करत होते. अकरा घरांत रोज तेच आणि तेवढंच पोहोचवू शकेल असा माणूस साऱ्या नेगेवच्या वाळवंटात एकच होता... आणि त्याच्याशी मी भांडून बसले होते.

*

त्याची शेती बेर्शेबाजवळच्या एका वस्तीत होती. बाहेर पिवळी माती, वर पांढरं आकाश. मी शेडनेटचा पडदा बाजूला केला आणि आत पाऊल टाकलं. हिरवं. नुसतं हिरवं! वर फॉगर चालू होते, त्यातून पाण्याचं धुकं खाली उतरत होतं. माझ्या पापण्यांवर, ओठांवर, हातांवर थंडगार थेंब बसले. ओल्या मातीचा आणि मेथीचा वास. माझ्या कमरेएवढ्या अळूच्या पानांवर पाण्याचे मोती इकडून तिकडे पळत होते. सात महिने पावसाचा थेंब न पाहणाऱ्या मुलुखात या माणसानं आपल्यापुरता पाऊस पाडून ठेवला होता.

"सिस्टर आल्या," मागून आवाज आला. "रेड टाकायला?"

"माफी मागायला," मी म्हटलं. ते जरा रागानंच बाहेर पडलं.

तो हसला नाही. "अंकल कसे आहेत?" त्यानं आधी विचारलं.

मी सगळं सांगितलं. नाकातलं रक्त, चार पूर्णांक आठ, डॉक्टर मेयताल. तो हातातलं खुरपं खाली ठेवून ऐकत राहिला. धुक्यानं त्याचे केस ओले झाले होते आणि एक थेंब त्याच्या भुवईवर येऊन थांबला होता. पडतही नव्हता, सुकतही नव्हता. मी त्या थेंबाकडे पाहत का बसले होते, ते मला विचारू नका.

"अळूचे हे कंद माझ्या आजीनं अलिबागेहून आणले," तो म्हणाला. "पेटीत, साड्यांच्या घडीत. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय? तर म्हणाली, औषध आहे. मी किर्यात गातला कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात होतो. पांढरा सूट, पांढरा मास्क, कशालाही वास नाही. आजी गेली, कुंडीतलं तिचं अळू सुकायला लागलं, आणि मी नोकरी सोडली."

"चिप सोडून चुका?"

"आई अजून हेच म्हणते." आता तो हसला. "मला मराठी किती येतं माहितीये? भाज्यांची नावं आणि आजीच्या शिव्या. म्हणून अंकलशी बोलायला आवडतं. ते मला दोन्ही नीट करून देतात."

मग मी कामाचं बोलले. प्रत्येक घराला रोज एकच छोटी जुडी. ज्याला अळू त्याला रोज अळू, ज्याला मेथी त्याला रोज मेथी. वजन करून. शुक्रवारी दोन, त्यातली एक शनिवारच्या सुट्टीची.

"रोज डिमोना?" त्यानं शीळ घातली. "जाऊन-येऊन दीड तास. मी गुरुवारी एकदाच येतो, पाझित."

"मला ठाऊक आहे. फार मागतेय मी..."

"एक अट आहे."

"काय?"

"पहिल्या आठवड्यात जुड्या बांधायला तू यायचं. मला साठ ग्रॅम म्हणजे किती ते कळत नाही."

"तू चिपच्या कारखान्यात होतास!"

"हो ना," तो निरागस चेहऱ्यानं म्हणाला. "म्हणून तर सोडलं."

*

मी गेले. सहा दिवस, रोज सकाळी सहाला, ड्युटीच्या आधी. तो पानं कापायचा, मी वजन करून लाल दोऱ्यानं जुडी बांधायची. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की तो न तोलता कापतो आणि जुडी बरोब्बर साठ ग्रॅमची भरते. मी तरीही वजन करतच राहिले. सातव्या दिवशी माझी गरज संपली, तेव्हा मी उरलेला दोरा दोनदा गुंडाळून ठेवला.

मग तोच रोज दवाखान्यात यायचा. दारात टोपली ठेवायचा, अकरा जुड्या मोजायचा आणि रेंगाळायचा.

"सगळ्यांचं रक्त घेतेस," तो म्हणायचा. "माझं कधी?"

"तुला काय झालंय?"

"झोप लागत नाही. भूक लागत नाही. सकाळी सहाला जाग येते आणि वाटतं, कोणीतरी यायचं होतं..."

"ॲसिडिटी असेल," मी म्हणायचे आणि रजिस्टरमध्ये डोकं खुपसायचे. माझ्या शेजारी बसणारी डिना सिस्टर खोकल्यासारखं करून हसायची.

मी नवीन कागद केला. हिब्रू एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बाबांना विचारून मराठीत, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. अळू, मेथी, अंबाडी, शेपू, चुका. खाली लिहिलं: 'बंद नाही. रोज सारखं.' एलिझाबेथ आंटींनी तो वाचला, माझ्या गालाला हात लावला आणि दंड पुढे केला. या खेपेला तोंड फिरवलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी बाबांचा आकडा दोन पूर्णांक दोन आला. पुढच्या रविवारी दोन पूर्णांक चार.

तिसरा आठवडा सगळ्यात कठीण होता, कारण त्यात शेजारच्या गिलीची मेंदी होती. ताटंच्या ताटं अळूवड्या, खमंग तळलेल्या, वर खोबरं-कोथिंबीर. मी लांबून पाहत होते. एका काकूंनी बाबांसमोर ताट धरलं. बाबांनी वड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून लाल दोरा काढला आणि काकूंना दाखवला.

"थँक यू, पण माझी आजची जुडी झाली," ते म्हणाले.

काकूंना काही कळलं नाही. पण मेंदीच्या त्या गर्दीत, गाण्यांच्या गोंगाटात, माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. कोपऱ्यात उभ्या असलेल्या ओहादनं ते पाहिलं आणि हळूच नजर वळवली. मला एकटीला रडू दिलं. तेव्हाच माझं ठरलं होतं बहुतेक.

रविवारी दुपारी कॉम्प्युटरवर आकडे आले. मी पडद्याकडे पाहू शकले नाही. ओहाद त्या दिवशी दुपारीही आला होता, टोपली विसरल्याचं निमित्त करून.

"तूच वाच," मी डोळे झाकून म्हटलं. "वाक्रूळकर, मोर्देखाय."

"दोन पूर्णांक..." तो थांबला. "एक. दोन पूर्णांक एक. हे चांगलं की वा—"

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण मी त्याच्या गळ्यात पडले होते. डिना सिस्टर या खेपेला खोकली नाही. तिनं सरळ टाळ्या वाजवल्या.

*

बुधवारी त्यानंच आम्हाला बेर्शेबाला नेलं. बाबा पुढे, मी मागे कोथिंबिरीच्या क्रेटांमध्ये. बाबा रस्ताभर त्याला सांगत होते, की अळूची देठं सोलताना हाताला चिंच लावायची. त्यांना भीती वाटत होती. वाटली की ते स्वयंपाकाचं बोलायचे.

बाबांना आत नेलं आणि दार बंद झालं. दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही बाकावर बसलो. ओहादनं काही न विचारता माझा हात हातात घेतला. त्याची बोटं पाल्याच्या रसानं काळसर झालेली होती, आणि थंड होती.

"घाबरलायस?" मी विचारलं.

"खूप," तो म्हणाला. "तू?"

"मी सिस्टर आहे. मला सगळं माहीत आहे." आणि मग, "म्हणून जास्त."

वीस मिनिटं. मग डॉक्टर मेयताल बाहेर आल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला वाटलं, संपलं सगळं.

"पहिल्या झटक्याला ऐकलं नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला ऐकलं. ठोका लागलाय, अगदी नीट." मग बोट वर केलं. "महिनाभर टिकेल, वर्षभर टिकेल, दहा वर्षं टिकेल, मी सांगू शकत नाही. परत बिघडलं तर आणखी उपाय आहेत. गोळी मात्र सोडायची नाही. आणि ती... जुडी. ती पण नाही."

मी त्यांचे हात धरले आणि 'तोदा, तोदा' एवढंच म्हणत राहिले. आभार, आभार. दुसरा शब्दच आठवेना.

आत बाबा डोळे किलकिले करून छताकडे बघत होते. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. टक. टक. टक. दीड वर्षात पहिल्यांदा मला त्या नाडीचा पुढचा ठोका आधीच ठाऊक होता.

"लाइट गेली होती," बाबा पुटपुटले. "आली वाटतं."

*

नव्याच्या सणाला मशीद भरून गेली होती. आम्ही बायका वरच्या गॅलरीत. खाली पांढऱ्या कपड्यांत बाबा उभे राहिले आणि त्यांनी शिंग ओठांना लावलं, तेव्हा सगळीकडे शांत झालं. त्यांच्या शेजारी ओहाद उभा होता. प्रार्थनेची पोथी त्यानं उलटी धरली होती, वरून मला दिसत होतं.

छोटे सूर नीट गेले. मग शेवटचा, लांब. मागच्या वर्षी तुटलेला तो. मी मनात मोजायला लागले. दहा. पंधरा. बाबांची मान लाल झाली. वीस. सूर चढत गेला, भिंतींना लागला, माझ्या छातीत शिरला. पंचवीस... आणि तो तुटला नाही. बाबांनी तो आपल्या मर्जीनं संपवला. मग मान वर करून गॅलरीत पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे, जिथे आई बसायची.

देवा, त्या क्षणासाठी मी कोणाकोणाचे आभार मानू? विजेचा झटका शोधून काढणाऱ्याचे, डॉक्टर मेयतालचे, अलिबागेहून कंद आणणाऱ्या एका अनोळखी आजीचे. आणि त्याचे, जो रोज दीड तास गाडी हाकून साठ ग्रॅम पाला आणून देत होता.

म्हणून दोन दिवसांनी, खिरीच्या सणाला, मी त्याला जेवायला बोलावलं. या सणाला आमच्याकडे नव्या तांदळाची, गुळाची आणि नारळाच्या दुधाची खीर करतात. खीर बाबांनी केली. पण मी ठरवलं होतं, की ओहादसाठी फतफतं मी करणार. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या हातानं. त्याचंच अळू, त्याचाच चुका. डाळ, शेंगदाणे, गूळ. सकाळभर खपून मी ते घोटलं.

तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून आला. कानामागे काही नव्हतं, त्यामुळे जरा अनोळखी दिसत होता. मी वाटी भरून समोर ठेवली.

त्यानं पहिला घास घेतला. थांबला. मग दुसरा घेतला. तिसरा. मान खाली घालून, एकेक घास... सगळी वाटी संपवली. वर पाहिलं, तेव्हा त्याचे डोळे पाण्यानं भरले होते.

"इतकं आवडलं?" मी विरघळून विचारलं.

त्यानं मान हलवली आणि पाण्याचा पेला जवळ ओढला.

मी वाटीत स्वतःसाठी वाढून घेतलं आणि एक घास तोंडात टाकला. आईशप्पथ! जिभेपासून थेट नरड्यापर्यंत सुया टोचल्या. अळूची खाज! चिंच! मी चिंच घालायला विसरले होते, आणि दोन काड्या चुक्यानं काही ती खाज मरत नाही.

"ओहाद! तू हे... सगळं? का?"

"गॅरंटी मी दिली होती, तू नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. खोकला, पाणी प्यायला. मग त्यानं खिशातून एक लाल दोरा काढला आणि टेबलावर ठेवला. नुसता दोरा, जुडी नसलेला. "आज टाकून दिलं असतं, तर उद्या तू केलं नसतंस."

"आणि तुला उद्या हवंय?"

"उद्या. परवा. तेरवा." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मला ते एका दिवशी ढीगभर नकोय, पाझित. रोज थोडं. पण रोज."

स्वयंपाकघराच्या दारातून खाकरल्याचा आवाज आला. बाबा एका हातात खिरीची वाटी घेऊन उभे होते. एकच वाटी, दोन चमचे.

"एक्स्क्यूज मी," ते म्हणाले. "खीर खा. घसा निवेल." वाटी आमच्या मध्ये ठेवून ते माझ्याकडे वळले. "चिंच ओट्यावरच राहिली होती गं. मी सकाळीच बघितली."

"बाबा! मग सांगितलं का नाही?"

"मला बघायचं होतं," बाबा म्हणाले, "हा पोरगा वाटी संपवतो का."

ओहाद हसायला लागला आणि हसता हसता पुन्हा खोकला. बाबा त्याची पाठ थोपटत होते. मी लाल दोरा उचलला आणि माझ्या बोटाभोवती गुंडाळला. घशात अजून सुया टोचत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी इतकी सुखात कधीच नव्हते.

"उद्या चिंच घालीन," मी त्याला म्हटलं.